इब्राम मुलाण्याचा जबडा

सोमाटण्याचा इब्राहिम मुलाणी दुसऱ्याच्या तोंडात हात घालून पोट भरायचा. म्हणजे बैलाच्या तोंडात. गावाच्या जिभेला एवढं लांब नाव पेलत नव्हतं, म्हणून सगळ्या मावळात तो नुसता इब्राम. धंदा बैलांच्या दलालीचा. डाव्या हाताची दोन बोटं बैलाच्या नाकपुड्यांत, उजव्या हाताचा अंगठा गालफडाच्या फटीत, आणि बैलानं मान झटकायच्या आत याचं सांगून झालेलं असायचं: अदात, दोन दाती, चार दाती, नाहीतर सगळे दात येऊन जुळलेला. मालक पोटतिडकीनं काही का सांगेना, वयाच्या बाबतीत तळेगावचा बाजार इब्रामच्या अंगठ्यावर विश्वास ठेवायचा.

दात तो खरे सांगायचा. बाकीच्या बैलाबद्दल मात्र त्याची जीभ थोडी सैल होती. लाथ मारणारा बैल त्याच्या तोंडी ‘हुशार’ व्हायचा आणि नांगराच्या तासात बसकण मारणारा ‘शांत सोभावाचा’. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. “शांत म्हंजी किती शांत?” असं विचारूनच माणसं पुढं सरकत. बेल्ह्याच्या बाजारातून तो डांगी बैल आणायचा. देशावरचा खिलार दिसायला नवरदेव, पण मावळच्या पावसात चिखलणीला जुंपला की चार दिवसांत त्याचे खूर मऊ पडतात. डांग्याची कातडी तेलकट, पाणी अंगावर ठरत नाही. हे तो इतक्या प्रेमानं सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं बैल ह्याच्याच घरात जन्मला.

साल एकोणीसशे एकतीस-बत्तीसचं असेल. इब्राम तेव्हा पस्तिशीला आलेला. डाव्या बाजूच्या खालच्या जबड्यावर, दाढांच्या अंगाला, त्याला हरभऱ्याएवढं काही लागलं. दुखत नव्हतं, म्हणून त्यानं सोडून दिलं. पुढच्या वर्षी हरभऱ्याची सुपारी झाली. लोकांना वाटलं, गड्यानं तंबाखूचा बार धरलाय. तंबाखू तो खायचाच, त्यामुळं तक्रार कुठं करणार? घरात बायको अकबरी म्हणायची, “आधी थुका, मंग बोला.” तो तोंड उघडून दाखवायचा, आत काही नसायचं, तरी तिचा विश्वास बसायचा नाही. शेवटी तिनं ठरवलं की दाढ किडलीय, आणि रोज लवंग कुटून द्यायला लागली.

दाढ किडलेली नव्हती. हे इब्रामला एका दुपारी कळलं. बैलाला पाणी पाजताना तो डोणीवर वाकला होता, पाणी थिर होतं, आणि त्यात त्याला आपलं थोबाड दिसलं. डावी बाजू उजवीपेक्षा मोठी. त्यानं सवयीनं अंगठा बाहेरून लावला, बोट तोंडात घातलं आणि जबडा चाचपला. हाडच फुगलेलं. वर कातडी सरकते, खालचं हलत नाही. हजार जनावरांचे जबडे चाचपलेला तो हात. हातानं निकाल दिला, तो त्याच्या मनाला नंतर पोचला.

जनावराला जबड्यावर अशी हाडाची गाठ येते. मावळात त्याला ‘गोटा’ म्हणत. गोटा धरलेला बैल पहिल्यांदा कडबा चघळताना अडखळतो, मग दात हलतात, मग वैरण तोंडातून गळायला लागते. दोन पावसाळे. तिसरा पावसाळा बघितलेला गोट्याचा बैल इब्रामच्या बघण्यात नव्हता. त्याचा जोडीदार सोपान, ज्याच्याबरोबर तो लहानपणापासून उठत-बसत होता, त्याचा हरण्या नावाचा बैल असाच गेला होता. आणि हरण्याचा जबडा चाचपून ‘दोन पावसाळे’ असं सोपानला सांगणारा इब्रामच होता. तो हिशेब आता त्यानं स्वतःला लावला. बैलाचं आपण सांगतो ते चुकत नाही, मग आपलं कसं चुकेल?

त्यानं कुणाला सांगितलं नाही. बाजारात गोट्याचा बैल विकायचा असला की मालक त्याला रुंद म्होरकी बांधतात, गालावर गोंडे सोडतात. इब्रामला ही लबाडी दहा पावलांवरून कळायची. त्यानं स्वतःसाठी तीच केली. दाढी वाढवली.

दाढी चांगली आली, दाट, छातीकडं उतरणारी. आणि मग जे झालं त्याचा त्याला अंदाजच नव्हता. गावाला वाटलं, इब्राम सुधारला. ईदच्या नमाजाला तो नेहमी धावतपळत शेवटच्या रांगेत यायचा, तिथं आता त्याला पुढं जागा राखून ठेवायला लागले. म्हाताऱ्या बायका पोराच्या डोक्यावरून हात फिरवून घ्यायला येत. देहूकडचा कुणी गडी त्याला हाजी म्हणाला. इब्रामनं मक्का सोडा, मुंबईसुद्धा दोनदाच पाहिलेली.

बाजारात तर पंचाईत. गिऱ्हाईक यायचं, बैलाकडं न बघता याच्या दाढीकडं बघायचं आणि म्हणायचं, “तुमी सांगाल त्ये.” असं म्हटल्यावर लाथाळ बैलाला हुशार म्हणायला जीभ वळेना. “लाथ मारतो,” तो सांगून टाकायचा. “मागून जाऊ नगा.” गिऱ्हाईक बैल घ्यायचंच, वर चार जणांना सांगायचं की अस्सा दलाल होणे न्हाई. धंदा वाढला. सोपान वैतागला. आयुष्यभर ज्याच्याबरोबर थापा मारल्या त्या माणसाबरोबर पारावर बसायची सोय राहिली नव्हती.

“तुझ्याशी बोलताना मला बी खरं बोलल्यावानी वाटतंय,” सोपान म्हणाला. “कापून टाक ती.”

इब्राम हसला आणि वैरणीकडं वळला. एक पावसाळा उलटला होता. गोटा आता लिंबाएवढा झाला होता.

मळवलीला स्टेशनापासून थोड्या अंतरावर पुण्याच्या डॉक्टर वर्तकांचा बंगला होता. मोठे सर्जन, उन्हाळ्यात आणि सुट्टीला यायचे. बंगल्याची राखण नथू नावाचा गडी करायचा. त्या चैत्रात नथू सोमाटण्याला आला आणि म्हणाला, सायबास्नी दुभती गाय घ्यायचीया, विकणारा दुसऱ्या वेताची सांगतोय, तुमी बघून द्या.

इब्रामनं गाय बघितली. शिंगावरच्या वळ्यांवर नख फिरवलं, तोंड उघडलं आणि सांगितलं की वेत दुसरं नाही, चौथं आहे. पण गाय गुणाची, घ्या. विकणारा कुरकुरत गेला. डॉक्टर व्हरांड्यात उभे होते. गाईच्या दातांकडं त्यांचं लक्ष फारसं नव्हतंच. इब्राम खाली वाकला तेव्हा त्याची दाढी एका बाजूला जास्त फुगली होती, ती ते बघत होते.

“इब्राहिमभाई, गाईचं झालं,” ते म्हणाले. “आता तुम्ही तोंड उघडा.”

नथूला वाटलं, सायेब चेष्टा करतायत, इब्रामभाईचं वय काढतायत. तो खो खो हसला. मग डॉक्टरांनी हात धुवायला पाणी मागितलं तेव्हा गप्प झाला.

इब्राम पायरीवर बसला. डॉक्टरांनी अंगठा बाहेरून लावला आणि बोट आत घातलं. ती पकड इब्रामनं ओळखली. ती त्याचीच होती, फक्त हलकी. ह्या माणसाला काम येतंय, एवढं त्याला कळलं आणि तो गाईसारखा निमूट राहिला. डॉक्टरांनी जबड्याखाली, मानेवर चाचपून बघितलं, तिथं गाठी नव्हत्या. विचारत गेले: किती वर्षं झाली, तीन, दुखतं का, नाही, खालचा ओठ बधिर होतो का, मुंग्या येतात का, नाही, दात हलतात का.

“सरकल्यात, सायेब. हलत न्हाईत.”

“आणि तुम्हाला काय वाटतं, काय आहे हे?”

दीड वर्षात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. तो गाईकडं बघत म्हणाला, “गोटा हाय. बैलास्नी हुतो त्यो. दोन पावसाळं असत्यात त्येचं. माझा येक पावसाळा गेला.”

डॉक्टर हसले नाहीत. पायरीवर त्याच्या शेजारी बसले. बैलाच्या गोट्याचं पुढं काय होतं, असं त्यांनी विचारलं. इब्रामनं सांगितलं: फुटतो, कातडीला भोकं पडतात, पू वाहतो, त्यात बारीक पिवळे कण असतात रवाळ.

“तुमचा फुटला? पू आला कधी?”

“न्हाई.”

“तीन वर्षांत एकदाही नाही?”

इब्रामचा अंगठा आपोआप गालावर गेला. बैलाच्या बाबतीत जे पहिल्यांदा विचारायचं, ते त्यानं स्वतःला विचारलंच नव्हतं.

“तो बैलाचा रोग जंतूंचा असतो,” डॉक्टर म्हणाले. “बैलाचं तुम्ही अचूक सांगत असाल. पण तुम्ही बैल नाही. हे मला हाडाच्या आतलंच काही वाढलेलं वाटतंय, सावकाश वाढणारं, साधं. नुसत्या बोटानं शपथ घेणार नाही मी. पुण्याला या, हाडाचा फोटो काढू. पावसाच्या आत या.”

घरी येऊन त्यानं अकबरीला सगळं सांगितलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं लवंगेचा खलबत्ता उचलून दाणकन बाजूला ठेवला.

“दोन सालं मी तुमच्या दाढंसाठी लवंगा कुटतीया,” ती म्हणाली, “आन तुमी मनातल्या मनात मराय बसलाय. मला निदान इचारायचं तरी, मरू का म्हून.”

सोपाननं ऐकलं. हरण्या त्याच्या डोळ्यापुढं आला असणार. मग म्हणाला, “मी येतो संगं. तू तितं जाऊन डाक्टरलाच बैल इकशील.”

पुण्याच्या दवाखान्यात फोटो काढला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी ती काळी काच उजेडासमोर धरली आणि दोघांना जवळ बोलावलं. जबड्याचं हाड, दात, आणि दाढांच्या मुळांखाली एक गोल. आत धुरकट, मधेमधे पांढुरकं. गोलाच्या कडेनं सगळीकडून एक रेघ. डॉक्टर ती रेघ बोटानं दाखवत होते. वाईट वाढ असती तर कड खाल्लेली, फाटलेली दिसली असती.

सोपाननं काचेला नाक लावलं. “बांध शाबूत हाय म्हणा की,” तो म्हणाला. “खाचराचं पाणी खाचरातच हाय.”

डॉक्टरांना ते इतकं पटलं, की पुढं ते आपल्या शिकाऊ डॉक्टरांनाही बांध फुटलाय का बघा, असं सांगायला लागले म्हणे. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. आतल्या बाजूनं हिरडीला छोटी चीर देऊन त्यांनी वाढीचा बारीक कपचा काढला, तो भिंगाखाली तपासायला दिला आणि दहा दिवसांनी या म्हणाले.

ते दहा दिवस इब्रामनं बाजारात काढले. कुणी काही विचारलं की खरं सांगत गेला. थाप मारायला लागणारी ताकद अंगात नव्हती. अकबरी रोज त्याच्या ताटात मऊ भाकरी वाढायची आणि तो जेवतोय का हे बघत बसायची. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं: साधीच वाढ आहे, तंतूंची आणि हाडाची. जिवाला धोका नाही.

“मंग ऱ्हाऊ द्या की तशीच,” इब्राम लगेच म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला तसा त्याच्यातला दलाल उठून बसला होता.

डॉक्टर म्हणाले, राहू दिली असती. पण ती वाढतेय, दाढांना रेटतेय, आणि जबडा आतून पोखरून पातळ करतेय. आणखी दोन-तीन वर्षं थांबलात तर एखाद्या दिवशी भाकरी चावताना जबडा मोडेल, आणि मग जबड्याचा तुकडाच काढावा लागेल. आज काढली तर हाड राहतं. तोंडाच्या आतून काढायची, गालावर वण नाही. मात्र त्या जागच्या तीन दाढा जातील.

आता इब्रामच्या पुढं एकच भीती होती. जबडा गेला तर बोलणार कशानं, आणि दलाल बोलला नाही तर खाणार काय. जीव वाचला ह्या आनंदात तो ती भीती विसरला नव्हता, आणि तीन दाढा त्याला जास्त वाटत होत्या. तो उठला, खांद्यावरचा पंचा काढला आणि डॉक्टरांच्या हातावर टाकला. पंचाखाली त्यानं त्यांचा हात धरला आणि एक बोट दाबलं.

बाकावरचे रोगी माना वळवून बघायला लागले. बैलाचा भाव असाच ठरतो, पंचाखाली, बोटांनी, शेजाऱ्याला कळू न देता. मळवलीच्या गाईच्या वेळी डॉक्टरांनी हे बघितलं होतं. त्यांनी तीन बोटं दाबली. इब्रामनं मान हलवली, पुन्हा एक. डॉक्टर तीनच. इब्रामनं दोन केली आणि घट्ट धरून ठेवली. सोपान बाजूला उभा राहून, कुठल्या बैलाचा सौदा चाललाय हे माहीत नसल्यासारखं छताकडं बघत होता.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला. “दोन काढतो. तिसरी आत गेल्यावर हलतेय असं दिसलं तर तीही काढणार, त्यात सौदा नाही. जबडा पुरा ठेवायची खटपट माझी.”

“बोला मंग,” इब्राम म्हणाला. “कवा?”

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी न्हावी आला. गुंगीचा मुखवटा नीट बसायला आणि नंतर पट्टी बांधायला दाढी जाणं भाग होतं. इब्रामनं डोळे मिटून घेतले. दाढी उतरली तसा गोटा उघडा पडला, आणि सोपाननं तो पहिल्यांदा नीट बघितला. त्याच्या तोंडाला आलेली चेष्टा आतच राहिली.

“लय मोटा झालाय की रं,” तो हळू म्हणाला. “येकट्यानं वागवलास.”

आत टेबलावर क्लोरोफॉर्म देणाऱ्यानं आकडे मोजायला सांगितलं. इब्रामला आकडे सुचले नाहीत. “अदात,” तो म्हणाला, “दोन दाती... चार दाती...” सहापर्यंत पोचला नाही.

डॉक्टरांनी दोन दाढा काढल्या, हिरडी सोडवली आणि वरचं पातळ हाड छिन्नीनं उघडलं. पिकल्या गऱ्यातून आठळी निसटावी तशी ती वाढ आपल्या खोबणीतून सुटून आली. कडेचं जे चिकटून होतं ते खरवडून काढलं, खोबण धुतली आणि औषधी कापड भरलं. तिसरी दाढ घट्ट निघाली, ती राहिली. जबड्याची खालची कड अखंड होती.

शुद्धीवर आल्यावर इब्रामनं सगळ्यात आधी जीभ फिरवली. दोन जागा रिकाम्या, तिसरी भरलेली. मग हात उचलून पट्टीवरून हनुवटी चाचपली, ह्या कानापासून त्या कानापर्यंत. सगळी होती. डॉक्टर समोर वाडगा घेऊन उभे होते, त्यात पांढुरका, खरखरीत, मोठ्या लिंबाएवढा गोळा. इब्रामनं तो निरखून बघितला, बैल बघावा तसा, आणि हातानं खूण केली: घेऊन जा, नको आपल्याला हा माल.

दहा दिवस दवाखान्यात, रोज कापड बदलायचं. मग घरी, आणि सहा आठवडे काही चावायचं नाही. हाड भरून येईपर्यंत जबडा कच्चा. तोंड मोठं उघडायचं नाही, म्हणजे बोलायचंही बेतानंच. अकबरीनं आयुष्यात एवढं निवांत कधी ऐकवलं नव्हतं. तांदळाची पेज, आंबील, गव्हाची खीर, कण्या, पुन्हा पेज. तो ताट सरकवायचा, ती परत पुढं ओढायची आणि लग्नापासूनच्या एकेक गोष्टी काढायची, ज्यांना त्याला उत्तर देता यायचं नाही.

बाजारात तो पट्टी बांधून गेला तेव्हा लोकांनी दाढीचं विचारलं. सोपाननं सगळ्यांना खरं ते सांगितलं, अगदी लबाडीनं झाकलेल्या गोट्यासकट. माणसं पोट धरून हसली. पण सवय लागलेली. तीच माणसं परत येऊन “तुमी सांगाल त्ये” म्हणू लागली. दाढी गेली तरी बाजारानं इब्रामला थापा मारायची मुभा परत दिली नाही. पंचाखालचे सौदे तर बिनबोलता होतातच. त्या सहा आठवड्यांत त्यानं सात जोड्या विकल्या.

श्रावणात दोघं पुन्हा पुण्याला गेले. डॉक्टरांनी नवा फोटो काढला. काळ्या खोबणीत कडेकडेनं पांढरं धरायला लागलं होतं, नवं हाड. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी जबडा दाबून बघितला. दर वर्षी एकदा दाखवून जायचं, अशी वाढ क्वचित परत येते, विसरायचं नाही, असं दोनदा बजावलं. मग म्हणाले, “चावा आता. सुरुवात मऊ खाऊन करा.”

पुणे स्टेशनाबाहेर एक बाई निखाऱ्यावर मक्याची कणसं भाजत होती. इब्राम तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. सोपाननं दंड धरला.

“डाक्टर मऊ म्हणलंत.”

“कवळं हाय,” इब्राम म्हणाला.

कवळं नव्हतं. जून, करपलेलं, मीठ-लिंबू चोळलेलं कणीस त्यानं डाव्या बाजूनं धरलं, मुद्दाम, आणि पहिला घास सावकाश चावला. थांबला. जबडा कुठं कुरकुरला नाही. मग दुसरा घास. सोपान त्याच्या गालाकडं बघत होता, एखादा नवा बैल पहिल्यांदा औताला लावल्यावर बघावं तसा. पहिलं कणीस संपलं, दुसरं घेतलं. गाडीत तिसरं.

घरी अकबरीनं खीर करून ठेवली होती, वेलदोडा घालून, जरा जास्तच. आज काय निकाल लागतो ह्या काळजीत तिला दुपारभर हात रिकामे ठेववत नव्हते. इब्राम दारातूनच हसला. तिनं त्याच्या गालाला हात लावून बघितलं, मग दातांत अडकलेलं मक्याचं साल बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

“मंग ही खीर कुणी खायाची?” ती म्हणाली.

सोपान केव्हाच पाटावर बसला होता.